उल्केर

मावसबहिणीने इस्तंबूलहून आणलेला बिस्किटांचा पुडा दुपारच्या चहाला फोडताना त्यावरचे ‘उल्केर’ हे नाव नजरेत भरले. कारखाना काढणाऱ्या भावांचे ते आडनाव. परंतु तुर्की भाषेत उल्केर म्हणजे आपल्या कृत्तिका. मग बिस्किटे बाजूला राहिली.

अकराव्या शतकात महमूद अल-काशगरीने तुर्की बोलींचा जो कोश रचला, त्यात हा शब्द आहे. कझाक लोक ‘उरकेर’ म्हणतात, उझबेक आपल्या मुलींचे नाव ‘हुलकर’ ठेवतात, आणि पार सैबेरियात लेना नदीकाठचे याकूत ‘उरगेल’ म्हणतात. नुकसानाचे नुसकान करणाऱ्या आपल्या जिभेला ही ल-र ची अदलाबदल समजावून सांगावी लागत नाही. या सगळ्यांच्या मागे अभ्यासक ‘उल्केर’ हेच मूळ रूप धरतात. असे अनुमानाने उभे केलेले रूप लिहिताना आधी तारांकन घालण्याची त्यांची रीत आहे, त्यामुळे येथे ताऱ्यांच्या नावालाच तारा लागतो, याचा मला जरा जास्तच आनंद होतो.

लहानपणी कार्तिकातल्या रात्री आजोबा आम्हाला गच्चीवर कृत्तिका मोजायला लावत. सहा सांगणाऱ्याचे डोळे ठीक, सातवी दिसते म्हणणाऱ्या थोरल्या भावाला मात्र ते विचारत, “कार्तिकेयाला माता सहाच, मग ही कोण?” पौर्णिमेचा चंद्र त्यांच्यापाशी आला की कार्तिक, एवढे आम्हाला पाठ होते. किर्गिझ मेंढपाळांनी हाच हिशेब पुढे नेला. त्यानंतरच्या प्रत्येक महिन्यात चंद्र सुमारे दोन तिथी आधीच उरकोरला, म्हणजे त्यांच्या कृत्तिकांना, गाठतो, म्हणून त्यांच्या महिन्यांत नऊचा, सातचा, पाचचा, तीनचा आणि एकचा अशी नावे आहेत. आपल्या चैत्र-वैशाखापेक्षा मला ही पद्धत अधिक रोखठोक वाटते.

उन्हाळ्याच्या तोंडाशी हा पुंजका सुमारे चाळीस दिवस दिसेनासा होतो. उरकेर जमिनीत उतरल्याशिवाय जमीन तापत नाही, असे कझाक म्हणतात. याकूतांना मात्र ते आकाशाला पडलेले भोक वाटे, ज्यातून सगळी थंडी आत येते. ते बुजवण्यासाठी एका वीराने लांडग्यांच्या कातड्याचे हातमोजे शिवल्याची त्यांची कथा आहे. त्यांच्याच मुलखातल्या वेर्खोयान्स्कला १८९२ साली उणे ६७.८ अंश तापमान नोंदले गेले, तेव्हा काम पुरते झाले नसावे.