गायरानाच्या कडेची शाळा

डिसेंबर, सोमवार

आज चौथीच्या वर्गात निम्मी पोरं गायब. विचारलं तर ठरलेलं उत्तर, "मॅडम, राखणीला गेलीत." ज्वारी हुरड्याला आली की आमच्याकडं हे असतंच.

मी राहते सोलापुरात आणि शिकवते बार्शी रोडला, नान्नजच्या अलीकडच्या एका वस्तीवर, जिल्हा परिषदेच्या शाळेत. समोर रस्ता, मागं ज्वारीचं रान आणि डाव्या हाताला गावाचं गायरान. या वहीत मी पाठ-परीक्षांचं काही लिहीत नाही. जाता-येता आणि वर्गाच्या खिडकीतून जे दिसतं, तेवढंच.

मधल्या सुट्टीत मागच्या रानात गेले. मचाणावर आमचाच एक विद्यार्थी, हातात गोफण, शेजारी वाजवायला तेलाचा रिकामा डबा. मला बघून आधी कावराबावरा झाला, मग म्हणाला, "या की मॅडम, वर या. हितनं समदं दिसतंय." वर चढले आणि खरंच दिसलं. पश्चिमेकडून भोरड्या आल्या. आभाळात कुणी चादर झटकावी तसा तो थवा वळला, दाटला, पातळ झाला, पुन्हा दाटला आणि एकदम कणसांवर उतरला. डबा वाजला तशी पाखरं उठली आणि पलीकडच्या रानात गेली. तिथं दुसरा डबा वाजायला लागला.

जवळून बघितली तर भोरडी देखणी असते. डोकं आणि पंख काळे, अंग गुलाबी. ही पाखरं मध्य आशियातून येतात, आपल्याकडं पावसाळा संपता संपता दिसायला लागतात आणि एप्रिलमध्ये परततात. तिकडं पिल्लांना नाकतोडे भरवतात, इकडं येऊन ज्वारी खातात. शेतकऱ्याच्या तोंडून शिव्याच खातात बिचारी, आणि त्यात त्याचं चुकत नाही. चिकात आलेलं कणीस त्यांनी पोखरलं की वर्षाची भाकरी जाते. पण नांगरटीत आणि गवतात किडे वेचतानाही मी त्यांनाच बघते. त्या पोराला मी परत वर्गात बोलावलं नाही. उद्या गणिताला त्याला विचारणार आहे, एका थव्यात किती पाखरं असतील याचा अंदाज कसा काढायचा.

जानेवारी, गड्ड्याचे दिवस

सिद्धेश्वराच्या जत्रेत, म्हणजे आमच्या सोलापूरच्या गड्ड्यात, अक्षता सोहळ्याला गेलो होतो. बाराबंदी घातलेले सेवेकरी, उंच नंदीध्वज आणि 'एकदा भक्तलिंग हर्र, बोला हर्र'चा गजर. गर्दीतून बाहेर पडून सिद्धेश्वर तलावाच्या कठड्याशी टेकले तर पाण्यातल्या एका खांबावर पाणकावळा पंख पसरून वाळवत बसलेला. त्याची पिसं पाण्यात भिजतात म्हणूनच त्याला खोल बुडी मारता येते, आणि म्हणूनच नंतर असं उन्हाला बसावं लागतं. शेजारच्या आज्जी नातवाला म्हणाल्या, "बघ, त्येनंबी हात जोडल्यात." मला फार बरं वाटलं.

जानेवारी, बुधवार

संध्याकाळी शाळा सुटल्यावर मुद्दाम थांबले. सूर्य कलला की गायरानावर भोवत्या येतात. शिकारी पक्षी, पण घारीसारखे उंच घिरट्या घालत नाहीत. गवताच्या शेंड्यांना पोट लागेल इतके खाली, पंख व्हीच्या आकारात धरून, इकडून तिकडं तरंगत जातात. नाकतोडे, उंदीर, छोटी पाखरं हे त्यांचं खाणं. हेही दूरचे पाहुणे, हिवाळ्यापुरते आलेले. मला त्यांचं सगळ्यात नवल वाटतं ते झोपण्याचं. एवढा मोठा पक्षी, झाडावर न जाता गवतात जमिनीवर उतरतो आणि तिथंच रात्र काढतो. एकेक करत उतरले आणि दोन मिनिटांत माळ पुन्हा मोकळा दिसायला लागला. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटेल तिथं काहीच नाही.

फेब्रुवारी, शुक्रवार

सकाळी बोरीच्या झाडाखाली खोकड. मी गाडी बंद केली तरी पळालं नाही. पडलेली बोरं एकेक उचलून खात होतं, अगदी निवांत, मधूनच कान माझ्याकडं वळवत. शेपटीचं टोक काळं, तीच त्याची खूण. पोरांना सांगितलं तर एकजण म्हणाला, "मॅडम, त्याच्या लेंड्यात बोराच्या बिया असत्यात. मी बघितल्यात." शाबास म्हटलं. गायरानाच्या कडेच्या निम्म्या बोरी कुणी लावल्या असतील हे त्यानं एका वाक्यात सांगितलं.

फेब्रुवारी, त्याच आठवड्यात

आज लांडगा दिसला.

परत निघाले तेव्हा उन्हं उतरली होती. कापणी झालेल्या एका रानात मेंढरं बसवली होती. खतासाठी शेतकरी बसवतात, त्याचे मेंढपाळाला धान्य किंवा पैसे मिळतात. म्हातारे मेंढपाळ रस्त्याच्या कडेलाच उभे. मला हात करून म्हणाले, "बाई, गाडी बंद करा की जरा. तिकडं बघा, बांधावर."

पहिल्यांदा काही दिसेना. मग वाळल्या गवतातलं एक गवत हललं. बारीक अंगाचा, लांब पायांचा, गवताच्याच रंगाचा. गोष्टीतल्या लांडग्यासारखा दांडगा मुळीच नाही. गावातल्या कुत्र्यापेक्षा थोडा उंच. पण चाल कुत्र्याची नव्हती. मान खाली, खांद्याच्या रेषेत, आणि पाय टाकताना अंग अजिबात हलत नाही. त्यानं मेंढरांकडं बघितलं, आमच्याकडं बघितलं. मेंढपाळांची कुत्री उठून उभी राहिली. मग तो वळला आणि घाई न करता बांधाबांधानं निघून गेला.

"गेल्या आठवड्यात कोकरू नेलं आमचं," मामा म्हणाले.

"मग राग येत नाही?"

"येतोय की. न यायला काय झालं? पण त्योबी हितलाच हाय, बाई. आमच्या आज्याच्या टायमालाबी व्हता." थोडं थांबून म्हणाले, "लांडग्याचं काय भ्या नाही. सोलापूरच्या अंगानं प्लॉट पाडायलेत, त्येचं भ्या हाय. मेंढरं चारायची कुठं?"

घरी येईपर्यंत हेच डोक्यात. लांडग्याला 1972 च्या वन्यजीव कायद्यात वाघाच्या बरोबरीनं पहिल्या अनुसूचीत जागा आहे. पण वाघाला जंगल आहे, त्याला राखीव म्हणून हद्द आखलेली आहे. लांडगा राहतो गायरानात, पडक्या ओढ्यात, मेंढपाळाच्या वाटेवर. ज्या जमिनीवर मेंढरांचं चालतं, तिथंच त्याचं चालतं. मामांची आणि त्याची अडचण एकच आहे, आणि मामांना ती माझ्या आधी कळलेली आहे.

मार्च

सकाळची शाळा सुरू झाली. सुगी आटोपली, रानं मोकळी पडली आणि हरणं लांबूनच दिसायला लागली. आपल्याकडं सगळे हरणंच म्हणतात; आहेत ती काळवीट. आज कळप रस्ता ओलांडताना मध्येच एका मादीनं उगाच, कशाचंही निमित्त नसताना, हवेत उंच उडी घेतली. मग सगळ्यांनीच घेतली. सगळ्यात मागं पिळदार शिंगांचा काळा नर, तो मात्र चालत गेला.

शाळेच्या भिंतीवर या आठवड्यात माळढोक काढला, खऱ्या मापाचा. उंची जवळजवळ एक मीटर. दुसरीची पोरं त्याला पाठ लावून उभी राहिली आणि बहुतेकांच्या छातीच्या वर त्याचं डोकं आलं. नराचं वजन 15 किलोपर्यंत जातं हे सांगितल्यावर एकीनं विचारलं, "मग उडतंय कसं?" उडतो. जगातल्या सगळ्यात वजनदार उडणाऱ्या पक्ष्यांपैकी एक आहे तो.

या माळाचं नाव त्याच्यामुळं देशभर झालं. 1979 मध्ये इथं अभयारण्य जाहीर झालं, तेव्हा कागदावर त्याचा विस्तार 8,496 चौरस किलोमीटर होता. सोलापूर आणि अहमदनगर जिल्ह्यांतले तालुकेच्या तालुके त्यात आले. लोकांच्या शेतांवर, विहिरींवर, घरांवर बंधनं आली, माळढोकाच्या नावानं चीड साठली. पुढं ते क्षेत्र 1,222 चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. तोवर कॅनॉल आला होता, ऊस आला होता, विजेच्या तारा आल्या होत्या. माळढोकाचे डोळे डोक्याच्या बाजूंना, समोरची तार त्याला वेळेत दिसत नाही, आणि एवढं जड अंग चटकन वळवताही येत नाही. मादी वर्षाला साधारण एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. आता सगळ्या देशात मिळून ते दीडशेच्या आत उरलेत आणि बहुतेक सगळे राजस्थानात, जैसलमेरकडं.

माझे वडील सांगायचे, त्यांच्या लहानपणी सायकलवरून बार्शीला जाताना दिसायचा. आमच्या शाळेतल्या एकाही पोरानं तो बघितलेला नाही. भिंतीवरचाच त्यांना ठाऊक. हे लिहिताना हात जड होतो.

एप्रिल

मैदानाच्या कोपऱ्यात, झेंड्याच्या कट्ट्यापासून थोड्याच अंतरावर, टिटवीनं अंडी घातली. चार. घरटं म्हणजे जमिनीतला नुसता खोलगट खळगा आणि कडेनं मांडलेले खडे. अंडी मातकट, वर काळपट ठिपके. नजर जरा हलली की पुन्हा सापडत नाहीत. पोरांनी लगेच चारी बाजूंनी दगड मांडले आणि कबड्डीचं मैदान पलीकडं सरकवलं. मी सांगायच्या आधी.

इथल्या घरांत टिटवीचं नाव चांगलं घेत नाहीत. रात्री ओरडली तर कुणीतरी जाणार म्हणतात. एका पोराच्या आईनं निरोप धाडला, शाळेत टिटवी बरी नव्हे. मी त्यांनाच बोलावलं. आल्या, व्हरांड्यात बसल्या, आणि आम्ही दोघींनी बघितलं.

अकराचं ऊन. पत्रा हात लावू देईना असा तापलेला. टिटवी उठली, हापशाच्या खालच्या डबक्यात जाऊन बसली, पोट पाण्यात बुडवून अंग दोनदा हलवलं आणि तुरुतुरु पळत परत आली. ओल्या पोटानं अंड्यांवर बसली. थोड्या वेळानं जोडीदार आला, ती उठली, तो बसला. पुन्हा ती डबक्याकडं. आपल्याकडं उन्हाळ्यात पारा 43-44 अंशांवर जातो. अंडं उबवायचं नसतं, शिजू द्यायचं नसतं. ती माउली बराच वेळ काही बोलली नाही. मग उठून हापसा हलवला आणि डबकं भरून दिलं. टिटवी देखील समुद्र आटवी म्हणतात, ते या चिकाटीला उद्देशूनच असावं.

एप्रिल अखेर

पिल्लं बाहेर आली. अंग सुकलं न सुकलं तोच चालायलाच लागली. आईनं एक खणखणीत हाक दिली की जिथं असतील तिथं बसकण मारतात आणि माती होऊन जातात. एक माझ्या चपलेपासून हातभर अंतरावर होतं. पाठीवर ठिपके, मानेला पांढरा पट्टा, डोळा उघडा, आणि धाप लागल्यासारखं खालीवर होणारं एवढंसं पोट. मी श्वास घेतला नाही. पुढची हाक आली तसं उठून पळालं, गायरानाकडं.

जून

मृग लागला, पहिला पाऊस झाला, शाळा उघडली. मृगाचे किडे निघालेत. लाल, मखमली, हळू चालणारे. पोरांनी तळहातावर घेऊन दाखवले. हात लावला की पाय आत घेतात आणि थोड्या वेळानं एकेक बाहेर काढतात. मोजले तर आठ, म्हणजे जात कोळ्याची. वर्षभर मातीत राहतात, पावसानं जमीन भिजली की वर येतात. त्याच ओलीत वाळवीची पाखरंही उठतात, ती त्यांना खायला मिळतात.

आज ग्रामसभा होती. गायरानावर वृक्षारोपण करायचं ठरत होतं, खड्ड्यांसाठी यंत्र सांगून ठेवलेलं. मी हात वर केला. सरपंच ताई म्हणाल्या, "मॅडम, झाडं नको म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच बघितल्या."

म्हटलं, ताई, झाडं हवीतच. रस्त्याच्या दोन्ही कडांना कडुनिंब आणि चिंच लावू, ओढ्याला करंज लावू, स्मशानात सावली नाही तिथं लावू, शाळेला तर हवीच आहेत. पण गायरान गवताचंच राहू द्या. तिथल्या पाखरांची घरं जमिनीवर आहेत. झाड आलं की त्यावर कावळा बसतो, शिक्रा बसतो, त्याला खालचं प्रत्येक अंडं दिसतं. सावलीत कुसळी आणि पवन्या ही गवतं वाढत नाहीत, मग मेंढरं कुठं जायची आणि लांडगा कुठं जायचा?

मग पोरांनी काढलेला नकाशा उघडला. टिटवीची जागा, चंडोलाचं गवतातलं घरटं, खोकडाचं बीळ, भोवत्या उतरतात तो तुकडा, बोरी. सगळं पावलांनी मोजून, रंगवून काढलेलं. लोक वाकून वाकून बघत होते. आपल्याच पोराचं अक्षर ओळखून एकजण खूश झाला. मागं बसलेले मेंढपाळ मामा एकदाच बोलले, "गवात ऱ्हाऊ द्या." टिटवीला पाणी भरून देणाऱ्या बाईंनीही हात वर केला.

सगळं पटलं असं नाही. मागणी झाडांच्या आकड्याची आहे, आणि आकडा रस्त्याकडेला पुरा होत नाही. शेवटी ठरलं ते असं: यंदाचे खड्डे रस्त्याला, ओढ्याला आणि शाळेला. गायरानाचा निर्णय पुढच्या ग्रामसभेत. रोपं गुरुवारी येणार आहेत, त्याच्या आधी पोरांकडून रस्त्याकडेच्या जागा चुन्यानं आखून घ्यायच्या आहेत. विजेच्या तारांखालच्या सोडून.