आमची वाटचाल : धोप, फिरंग आणि मामांची म्यानं

तलवार हातात घेतली की लोक पातं बघतात, परज बघतात, मुठीवरचं कोफ्तगिरीचं, म्हणजे सोन्या-चांदीची तार ठोकून केलेलं नक्षीकाम बघतात. म्यानाकडे कुणी बघत नाही. तलवारी बनवायचा आमचा धंदा बुडायला आला तो म्यानापायी आणि तरला तोही म्यानामुळेच.

२००९ साली कोल्हापूरच्या उद्यमनगरात भाड्याचा गाळा घेऊन मी आणि माझे सख्खे मामा कामाला लागलो. मी लेथवर वाढलेला, मामा पिढीजात सुतार. मर्दानी खेळाच्या आखाड्यांना दांडपट्टे आणि धोप (मराठ्यांची सरळ, लांब पात्याची तलवार) लागायचे. बाजारात मिळायची ती तलवार म्हणजे सपाट पट्टी कापून मुठीला वेल्डिंग मारलेलं लोखंड. उचलली की पहार उचलल्यासारखं वाटायचं. जुन्या तलवारीचं पातं खजान्याशी, म्हणजे मुठीलगत जाड असतं आणि टोकाकडे पातळ होत जातं. युरोपातल्या मध्ययुगीन तलवारींचंही तेच. एका हाताने चालवायच्या तिकडच्या बहुतेक तलवारी सव्वा किलोच्या आसपास भरतात. नक्कल करणारा नेमका हा उतारच गाळतो, कारण तो काढायला वेळ जातो आणि फोटोत तो दिसत नाही.

आम्ही पहिल्या तलवारीपासून तो काढला. ईएन ४५, म्हणजे गाडीच्या पाट्याचं पोलाद, सहा मिलिमीटरची पट्टी. मुठीपाशी सहा, टोकापाशी तीन. एका पात्याला ग्राइंडरवर दोन दिवस. मग पातं तापवून तेलात बुडवायचं, म्हणजे पाणी द्यायचं (शब्द जुनाच, तेल असलं तरी ‘पाणी’च म्हणतात), भट्टीत मवाळ करायचं आणि पातं वाकवून सोडायचं. परत सरळ झालं तरच त्याला मूठ. मूठ बसवायची लाखेत, जुन्या रीतीने.

आमचं पहिलं खरं गिऱ्हाईक म्हणजे मिरजेचे मास्तर. निवृत्त शिक्षक. आज त्यांच्याकडे एकतीस प्रतिकृती आहेत, त्यातल्या एकोणीस आमच्या. डेहराडूनला बनलेली एक युरोपियन सरळ तलवारही आहे. तिच्यासाठी त्यांनी युरोपातल्या मध्ययुगीन तलवारींचं ओकशॉट यांनी केलेलं दहा ते बावीस आकड्यांचं वर्गीकरण वहीत उतरवून घेतलंय. ते येताना पिशवीत वजनकाटा आणतात. आधी वजन, मग पातं एका बोटावर आडवं ठेवून तोल कुठे येतो ते बघतात आणि तिथे खडूने खूण करतात. मग म्यानातून पातं कानाजवळ धरून हळू ओढतात. लाकडाला घासल्याचा आवाज आला की तलवार परत. सुरुवातीला मला राग यायचा. मामांना कधीच आला नाही.

मामांचं म्यान असं होतं. शिवणीच्या लाकडाच्या दोन फळ्या, वर्षभर सावलीत वाळलेल्या. गोल पटाशीने आतून कोरायच्या. पात्याला दिव्याचं काजळ लावून आत घालायचं, बाहेर काढायचं. जिथे काळा डाग उमटला तिथे लाकूड टेकतंय. तेवढंच खरवडायचं. एका म्यानाला असं तीस-चाळीस वेळा. पातं फक्त तोंडाशी, मोहनाळेपाशी धरलं गेलं पाहिजे, पुढे कुठेही नाही. वरून हिरडा-बाभळीत कमावलेलं चामडं, टोकाला पितळी तहनाळ.

२०१७ साली एका संस्थेने ११० धोपांची ऑर्डर दिली, म्यानासकट. तोवरची आमची सगळ्यात मोठी. वैशाखात मामांना अर्धांगाचा झटका आला, उजवा हात गेला. मी घाई केली. वखारीतलं लाकूड वाळलंय असं समजून घेतलं, चामडं स्वस्तातलं, क्रोमच्या क्षारांनी कमावलेलं घेतलं आणि चार पोरांना हाताशी धरून जूनमध्ये म्यानं चिकटवली. आषाढात माल दिला. श्रावण संपायच्या आत फोन यायला लागले, तलवार बाहेरच येत नाही. जिथे आली तिथे पात्यावर विटकरी चट्टे. ८४ परत आल्या, राहिलेली रक्कम अडकली. गाळ्याचं भाडं पाच महिने थकलं, बायकोच्या पाटल्या गेल्या.

ही चूक माझी होती आणि मी ती कबूल करतो. पण त्यानंतर जे झालं ते मला आजही सलतं. आमच्याच गाळ्यात दोन वर्षं काम शिकलेला एकजण त्या संस्थेकडे गेला. त्याने मामांच्या हातचं जेवलेलं होतं. ‘त्यांच्या तलवारी गंजतात, माझी कधीच गंजणार नाही’ असं सांगून एक तृतीयांश भावात स्टेनलेस स्टीलच्या दिल्या. पातं एकसारखं जाड, मुठीत बोटभर लांबीचा बोल्ट वेल्ड केलेला. असली तलवार भिंतीवर टांगा, फिरवू नका. वेल्डिंगपाशी मोडली तर पातं सुटून कुणाच्या अंगावर जाईल याचा नेम नाही. मी संस्थेत जाऊन हे तोंडावर सांगितलं. ‘तुमची हाकाटी समजली,’ म्हणाले.

मास्तर त्याच आठवड्यात आले. परत आलेलं एक म्यान त्यांनी सुरीने उघडलं, नाकाला लावलं. “लाकूड ओलं होतं बाळा. आणि हे चामडं मामांचं नव्हे.” मग सहा तलवारींची आगाऊ रक्कम माझ्यासमोर ठेवली. पावती घेतली नाही. मामा खुर्चीत बसून राहिले, डाव्या हाताने बोट दाखवत. माझ्या बायकोने पटाशी धरली. ८४ म्यानं नव्याने झाली, चौदा महिने लागले.

ज्यांच्याकडे तलवार आहे त्यांनी एवढं कराच. पावसाळ्यात म्यान आणि पातं वेगवेगळं ठेवा. पात्याला उघड्या बोटांनी हात लावू नका, घाम लोखंड खातो. मशीनचं तेल चालेल, खोबरेल नको, ते चिकट होतं. खंडेनवमीची पूजा झाली की हळद-कुंकू त्याच संध्याकाळी पुसून घ्या. आणि शस्त्र कायद्याखालच्या नियमांत ९ इंचांहून लांब किंवा २ इंचांहून रुंद पात्यांचा उल्लेख आहे, तो वाचल्याशिवाय तलवार घेऊ नका. आम्ही धार लावत नाही, कुणी कितीही पैसे देवोत.

२०२५ मध्ये राज्य सरकारने लंडनच्या लिलावातून नागपूरकर रघूजी भोसल्यांची (‘सेनासाहेबसुभा’ हा त्यांचा किताब) तलवार ४७.१५ लाखांना परत आणली. ती फिरंग आहे, म्हणजे पातं युरोपातलं, सरळ, एकधारी, मूठ आपल्याकडची. पाठीवर सोन्याच्या अक्षरांत लेख आहे आणि त्यात ‘फिरंग’ हा शब्दच आहे. महिनाभरात आमच्या त्या जुन्या शिकाऊने ‘रघूजी तलवार’ विकायला काढली. वाकड्या पात्याची, स्टेनलेसची.

मास्तरांनी बत्तिसावी म्हणून आमच्याकडे फिरंग सांगितली. पातं मी केलं, ११४० ग्रॅम भरलं. म्यान बायकोने कोरलं. परवा तिने काजळ लावून पातं सरकवलं, मामांनी डावा कान जवळ आणला. अलगद आत गेलं. बाहेर काढलं तर तोंडापासून वीतभर आत तांदळाएवढा काळा ठिपका. मामांनी तिच्याकडे बघून पटाशीकडे बोट केलं.