आमच्या ट्रेकिंग ग्रुपवर ‘कर्जत’ अडकलं तेव्हा

मी डोंबिवलीत राहतो. सह्याद्रीतल्या घाटवाटा धुंडाळणाऱ्यांचा एक ग्रुप २०१६ पासून सांभाळतो. कुठल्या टाक्यात पाणी आहे, कुठल्या नाळेत, म्हणजे डोंगराच्या अरुंद घळीत, दरड आलीय, आग्या मोहोळं कुठे लागलीत, एवढ्यासाठीच हा ग्रुप आहे. सुरुवात व्हॉट्सॲपवर केली. तेव्हा एका ग्रुपात २५६ माणसांची मर्यादा होती आणि दोन वर्षांत ती भरलीसुद्धा.

२०१८ च्या जूनमध्ये आमच्या ग्रुपवर ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय’ हा मेसेज आला. त्या काळी व्हॉट्सॲपवर ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसता येत नसे, ती सोय २०२२ मध्ये आली. मी टाकणाऱ्याला फोन केला, तो लागला नाही. त्यानंतर काही दिवसांनी, १ जुलैला, धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात याच अफवेपायी जमावानं पाच जणांना ठार मारलं. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची, भिक्षा मागून पोट भरणारी माणसं होती ती. आमचा मेसेज तिथवर गेला असेल असं मी म्हणत नाही. पण पाठीवर सॅक घेऊन पाड्यापाड्यांतून हिंडणारे आम्हीही तिथं अनोळखीच असतो. त्या महिन्यात व्हॉट्सॲपनं भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आणली. आम्ही तिघा ॲडमिननी ग्रुप टेलिग्रामवर न्यायचं ठरवलं. तिथं कुणाचाही मेसेज पुसता येतो, हे सगळ्यात मोठं कारण.

काही वर्षं बरी गेली. माणसं वाढली, तीन हजारांच्या घरात गेली, तसे रात्री दोन-तीन वाजता पाहुणे यायला लागले. ‘घरबसल्या कमाई’, ‘दहा मिनिटांत कर्ज’, ‘शेअर बाजाराच्या खात्रीच्या टिप्स’. सकाळी लोकल पकडायच्या आधी मी ते पुसत असे. २०२३ च्या सुरुवातीला यूट्यूबचे व्हिडिओ लाइक करून पैसे मिळवा असा एक मेसेज सहा तास तसाच राहिला, कारण मी तापानं झोपलो होतो. आमच्यातले एक काका, निवृत्त मुख्याध्यापक, त्याला भुलले. पहिल्या दिवशी खरंच थोडे पैसे खात्यात आले. मग पुढच्या ‘टास्क’साठी आधी पैसे भरा म्हणाले. काकांचे चौसष्ट हजार गेले. त्यांनी १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार केली, पण लाजेपायी चार दिवसांनी. तोवर पैसे पुढच्या खात्यांतून निघून गेले होते. मला म्हणाले, “तुमच्या ग्रुपवर होतं म्हणून विश्वास ठेवला हो.”

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. त्याच रविवारी बसून मी एक बॉट, म्हणजे ग्रुपवर आपोआप काम करणारा प्रोग्रॅम, लावला आणि त्याला शब्द दिले: कर्ज, लोन, टिप, शेअर, कमाई, घरबसल्या. यातलं काही दिसलं की मेसेज त्याच क्षणी पुसायचा. आठवड्याभरात ते लोक ‘कर्ज’ची अक्षरं तोडून लिहायला लागले, अक्षरांच्या मध्ये डोळ्यांना न दिसणारी चिन्हं घालायला लागले, म्हणजे वाचणाऱ्याला शब्द दिसतो पण बॉटला सापडत नाही. मग मी आणखी एक नियम टाकला: अदृश्य चिन्ह आढळलं तरी पुसायचं. ग्रुप स्वच्छ झाला. मी निर्धास्त झालो.

जुलैत, एका रविवारी संध्याकाळी, खांडसच्या एका मुलाचा फोन आला. भीमाशंकरला जाणाऱ्यांना वाट दाखवायला तो जातो. “दादा, ठाण्याचा ग्रुप शिडी घाटात अडकला होता. एकाचा पाय मोडलाय, आत्ता खाली आणला. मी काल सकाळीच ग्रुपवर टाकलं होतं की. तुम्हीच काढलंत ना?”

मी काहीच काढलं नव्हतं. बॉटनं पुसलेले मेसेज एका यादीत साठत होते. ती यादी मी तोवर एकदाही उघडली नव्हती. त्यात त्याचा मेसेज होता: “कर्जतहून येणाऱ्यांनी शिडी घाटाने जाऊ नका. पहिल्या शिडीखालची माती सुटलीय, शिडी हलते. गणेश घाटाने या.”

‘कर्जत’मध्ये ‘कर्ज’ आहे.

मी यादी खाली खाली वाचत गेलो. दोन दिवसांत बेचाळीस मेसेज गेले होते, त्यातले अकरा आपल्याच माणसांचे. ‘फोटो संध्याकाळी शेअर करतो’ गेला होता. टिपेश्वरच्या अभयारण्याबद्दल विचारलेला प्रश्न गेला होता, ‘टिप’मुळे. आणि चार मेसेज असे होते की त्यात माझ्या यादीतला एकही शब्द नव्हता. ते का गेले हे कळायला मला दोन रात्री लागल्या. चारही मेसेजमध्ये ‘पायऱ्या’ किंवा ‘दऱ्या’ होतं. हा जो आडवा, अर्धा र आहे, तो काही कीबोर्ड खाली टिंब असलेल्या ऱ पासून घडवतात आणि काही कीबोर्ड साध्या र ला हलन्त देऊन पुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. दुसऱ्या पद्धतीनं लिहिणारा प्रत्येक माणूस माझ्या नियमाला भामटा वाटत होता. ज्या ग्रुपवर दिवसभर पायऱ्या आणि दऱ्याखोऱ्याच असतात, तिथं मी हा नियम लावला होता.

त्या पाय मोडलेल्या मुलाला भेटायला मी ठाण्याला गेलो आणि त्याला सगळं सांगितलं. तो म्हणाला, “मेसेज दिसला असता तर आम्ही नक्की गणेश घाटानं गेलो असतो.”

आमच्यातला तिसरा ॲडमिन इंजिनिअरिंगला आहे. तो म्हणाला, “दादा, पूर्ण शब्द जुळला तरच अडवू.” तेही मराठीत सरळ जमत नाही. आपले प्रत्यय शब्दाला चिकटतात: कर्जाला, कर्जाचे, कर्जावर. पूर्ण शब्दच धरला तर हे सगळे सुटतात. नुसती सुरुवात धरली तर कर्जत अडकतं. शिवाय त्या बॉटला काना-मात्रा अक्षरांत धरताच येत नव्हत्या, त्यामुळे शब्द कुठे संपतो हेच त्याला कळत नव्हतं. त्यानं महिनाभर झटून बरेच अपवाद घातले. पण तोवर आम्हाला कळलं होतं की नुसते शब्द पकडून हे निभणार नाही.

तोडगा आमच्या दुसऱ्या ॲडमिननं, पुण्याच्या ताईंनी काढला. त्या शाळेत शिकवतात. म्हणाल्या, “मुलाच्या वहीतलं पान फाडायचं नसतं, बाजूला ठेवून बघायचं असतं.” तेव्हापासून आमचा बॉट काहीही कायमचं पुसत नाही. संशय आला तर तो मेसेज ग्रुपवरून उचलून आम्हा ॲडमिनच्या वेगळ्या ग्रुपात ठेवतो आणि आमच्यातलं कुणीतरी तो पुढे सोडतं किंवा रद्द करतं. संशयही एका शब्दावरून घेत नाही. माणूस नवा, सोबत लिंक, आणि पैशाची भाषा, अशा तीन गोष्टी एकत्र आल्या तर. जुन्या माणसानं कर्जत लिहो की कर्ज लिहो, आम्ही अडवत नाही. नव्या माणसाला पहिला आठवडा तर लिंक, फॉरवर्ड आणि फाइल टाकताच येत नाही. आरटीओ चलानच्या नावाच्या एपीके फाइल, म्हणजे उघडल्या की फोनमध्ये चोरटं ॲप बसवणाऱ्या फाइल, फिरायला लागल्या तेव्हा याचा फार उपयोग झाला. एकही आमच्या ग्रुपवर उघडली गेली नाही.

आणि दारावर आम्ही एकच प्रश्न ठेवला. टेलिग्रामवर प्रवेशाची विनंती मंजूर करण्याची सोय आहे. आलेल्याला आम्ही विचारतो: शेवटचा ट्रेक कोणता केलात, आणि तिथं पाणी कुठे मिळालं? बटण दाबून उत्तर द्यायचं असतं तर यंत्रंही आत आली असती. याचं उत्तर मात्र हातानं लिहावं लागतं. ज्यांनी अजून एकही ट्रेक केलेला नाही ते तसं प्रामाणिकपणे लिहितात, त्यांनाही घेतो. यात वेळ जातो. पावसाळ्याच्या तोंडावर रोज वीस-पंचवीस विनंत्या येतात आणि आम्ही पाळ्या लावून त्या वाचतो. मला तो वेळ गेल्याचं वाईट वाटत नाही.

खांडसच्या त्या मुलाला आम्ही चौथा ॲडमिन केलं. पहिल्यांदा नको म्हणत होता. आता पावसाळ्यात पहाटेची पाळी तोच घेतो, कारण वाटेची खबर सगळ्यांत आधी त्याला लागते.

गेल्या शनिवारी लोकलमध्ये उभ्या उभ्या मी एक विनंती वाचली. मुरबाडकडचे एक गृहस्थ होते. उत्तरात लिहिलं होतं: “गोरखगड. गुहेजवळच्या टाक्यात पाणी आहे, पण वर शेवाळ धरलंय. रुमालानं गाळून घेतलं. वरच्या पायऱ्या ओल्या आहेत, जपून.” मी त्यांना आत घेतलं आणि म्हटलं, हेच जरा ग्रुपवर टाकता का.