दूध, कलिंगड आणि पंधरा ऑगस्ट

15 ऑगस्ट, तोरिनो, इटली

सकाळी सातला फोन उघडला तर घरच्यांच्या ग्रुपवर तिरंगेच तिरंगे. तिकडे झेंडावंदन, जिलेबी सगळं उरकलेलं. इथे चहाला दूध नाही.

खाली उतरले. बेकरीच्या शटरवर वहीचं फाडलेलं पान : ‘क्यूझो पेर फेरिए’, सुट्टीनिमित्त बंद, भेटू 26 तारखेला. खाली पेनानं काढलेली छत्री आणि दोन लाटा. कॅफे बंद, न्हावी बंद. चौकातल्या हिरव्या नळाच्या बैलतोंडातून धार तेवढी चालू. अख्ख्या रस्त्यावर ड्युटीवर तो एकटाच.

आज फेरागोस्तो. इसवी सनापूर्वी 18 मध्ये रोमन सम्राट ऑगस्टसनं दिलेली ही सुट्टी. मेरीच्या स्वर्गारोहणाचा सणही आजचाच. पण ऑफिसात महिनाभर ना ऑगस्टसचं नाव निघालं, ना मेरीचं. चर्चा एकच, समुद्र की डोंगर?

समोरच्या आजी कुठेच गेल्या नाहीत, गुडघे धरलेत. दुपारी जेवायला बोलावलं. थंड पास्ता, तेलात मुरवलेल्या भाजक्या ढोबळ्या मिरच्या. कलिंगड फ्रिजमध्ये मावेना म्हणून बाथटबमध्ये सोडलेलं. हात धुवायला गेले आणि दचकलेच!

आजी मूळच्या दक्षिण इटलीतल्या पुलियाच्या, यजमान फियाटमध्ये होते. ऑगस्टमध्ये कारखाना बंद झाला की निम्मं शहर दक्षिणेला निघायचं म्हणे. छोटी फियाट 600, टपावर दोरीनं बांधलेल्या बॅगा, मागे तीन पोरं आणि गावाकडच्यांसाठी कॉफीचे डबे. गणपतीच्या आधी आमच्या चाळीत अशीच पटापट कुलपं लागायची. चाकरमानी कोकणात आणि पाणी भरायला आम्हाला नळ मोकळा. आजींना हे सांगायला गेले, पण ‘चाकरमानी’ला इटालियन शब्द काही सापडेना.

मग सांगितलं, आज आमचा स्वातंत्र्यदिन. “कोणापासून?” इंग्रजांपासून, 1947. त्यांनी मान डोलावली. “आमचा 25 एप्रिल,” म्हणाल्या. 1945 चा, नाझी आणि फॅसिस्टांपासून सुटका झाली तो. त्या तेव्हा सहा वर्षांच्या. त्या दिवसाचं पुढे काहीच बोलल्या नाहीत, सुरी घेऊन कलिंगड कापायला लागल्या.

निघताना अर्धं कलिंगड माझ्या हातात ठेवलं. ‘बुओन फेरागोस्तो’ म्हणून घरी आले. दूध मागायचं राहूनच गेलं. कोरा चहा प्यायले.