उंबरठ्याबाहेरून

माओर हूतोंग म्हणजे टोप्यांची गल्ली. कधीकाळी इथे टोप्या करणारे होते म्हणे; आपल्याकडे तांबट आळीत तांबट आणि बुरूड आळीत बुरूड, तसे. आता टोप्या घालून फिरणारे पर्यटकच काय ते उरलेत, आणि तेही बहुतेक बाजूच्या नानलुओगूश्यांगमध्ये. बीजिंगमधला हा जेमतेम ८०० मीटरचा रस्ता. त्याला दोन्ही अंगांनी आठ-आठ हूतोंग फुटलेत, म्हणून लोक त्याला गोम म्हणतात. गोमेच्या पाठीवर नुसती झुंबड: पाकात घोळवलेली लाल फळं काडीला टोचून विकणारे, ती खाण्याआधी त्यांचा फोटो काढणारे. मी तिच्या एका पायावरून खाली उतरलो आणि पन्नास पावलांत आवाज बंद.

ही आखणी कुब्लाई खानाच्या काळातली. १२६७ मध्ये त्याने दादू, म्हणजे आजचं बीजिंग, ही राजधानी बांधायला घेतली, तेव्हा रस्ते पावलांत मोजले गेले. मोठा रस्ता २४ पावलं, लहान १२, आणि हूतोंग त्याच्याही निम्मा. पाऊलही खानाचंच, दीडेक मीटरचं!

पण गल्लीत बघायचं काय? तर भिंती. राखाडी विटा, राखाडी कौलं, मध्येच एखादं लाल दार. रस्त्याकडे खिडकी जवळजवळ नाहीच. चौकाच्या चार बाजूंना चार सोपे, सगळ्यांची तोंडं आत आणि पाठ रस्त्याला. चौसोपी वाडा पाहिलेल्या माणसाला हे वेगळं समजावून सांगायला नको. मात्र आपल्या वाड्याच्या दिंडीतून निदान तुळशीवृंदावन तरी दिसतं. इथे दार सताड उघडं असलं तरी समोर एक आडवी भिंत उभी. भुतांना फक्त सरळ चालता येतं, वळता येत नाही, म्हणून ती भिंत, असं जुनी माणसं सांगतात. माझ्यासारख्या डोकावणाऱ्यांनाही ती पुरते.

मग मी दारंच बघत सुटलो. दार किती आत बसवलंय, त्यावरून मालकाचा हुद्दा कळायचा. बड्या अंमलदाराचं दार थेट आढ्याखाली, पुढे चार माणसं पावसाला थांबतील एवढी जागा. साध्या माणसाचं भिंतीलगत, मुकाट. वर चौकटीतून बाहेर आलेले लाकडी खुंट दोन की चार, तेही मोजायचे. खाली दोन्ही बाजूंना नगाऱ्यासारखे कोरीव दगड. त्याच दगडाच्या आतल्या टोकाला खळगा असतो आणि त्यात दाराचा खुंट फिरतो. सोयरीक जमवताना चिनी लोक दाराला दार जुळतंय का ते बघतात. आपण तोलामोलाचं स्थळ म्हणतो, एवढाच फरक.

याच गल्लीत ३५ आणि ३७ नंबरला वान रोंगचं माहेर. शेवटचा बादशहा पूयी याची ही बायको. १९२२ मध्ये सोळा वर्षांची असताना इथून राजवाड्यात गेली. मुलगी महाराणी होणार म्हटल्यावर बापाला सरदारकी मिळाली आणि घराचं दार वाढवून तीन खणांचं झालं. गंमत अशी, की पूयीने १९१२ मध्येच गादी सोडली होती. ज्या राज्यासाठी दार मोठं केलं, ते राज्य संपून दहा वर्षं झालेली. पण व्याही मोठे निघाले की आपणही दाराला रंग काढतोच. राज्य आहे की नाही, हे कोण विचारत बसतो?

उंबरठे मात्र लहान-थोर सगळ्या दारांना. चांगले वीतभर उंच, आणि त्यांवर पाय द्यायचा नाही. हे मला कुणी सांगावं लागलं नाही. आमच्या आजीने त्यावरून पुरेसे धपाटे घातले होते. मुलीला मागण्या फार आल्या की तिकडे म्हणतात, लोकांनी उंबरठा तुडवून मोडला. तिथे मोडतो तो मुलीच्या घरचा. आपल्याकडे मुलीचा बाप दुसऱ्यांचे झिजवत फिरायचा.

एका जुनाट दाराच्या उंबरठ्यावर मधोमध पत्रा ठोकलेला दिसला. पत्र्यालाही खोलगट बाक आलेला. पाय द्यायचा नाही, मग हा झिजला कसा?

आत डोकावलो. आडव्या भिंतीच्या कडेने दिसला तो चौक नव्हताच, एक बोळ होता. एका कुटुंबाच्या घरात पुढे अनेक बिऱ्हाडं आली. १९७६ च्या भूकंपानंतर लोकांनी अशा चौकांमधून निवाऱ्याला खोपटी उभारली, ती पुढे गेलीच नाहीत. त्यांची स्वयंपाकघरं झाली. कोळशाच्या वड्या, तेलाचे डबे, दोरीवर बनियन, आणि या सगळ्यातून डोकं काढून उभं एक डाळिंबाचं झाड. दाण्यांइतकी लेकरं होवोत म्हणून लावायचं. तुती मात्र कुणी लावत नाही, कारण चिनीत तुती आणि सुतक यांचे उच्चार सारखे. शौचालय घरात नाही, गल्लीच्या कोपऱ्यावर. एक आजोबा तिकडूनच पायजम्यात रमतगमत येत होते. त्यांच्या चालीत जो तोरा होता, तो तीन खणांच्या दारात नव्हता.

मागून घंटी वाजली. मी बाजूला झालो. एक बाई सायकल हातात धरून आल्या, हँडलला कांद्याच्या पातीची काठीएवढी लांब जुडी. त्यांनी माझ्याकडे बघितलंही नाही. पुढचं चाक उचलून पत्र्यावर टेकवलं, स्वतः मात्र पाय उंच उचलून उंबरठा न शिवता पलीकडे गेल्या. मागचं चाक उतरताना पत्रा टण्ण वाजला, आणि कांद्याची पात आडव्या भिंतीमागे दिसेनाशी झाली.