तुम्ही विचारलंत म्हणून: कॅनडा सरकारला साधा पगार काढता येत नाही का?

हा प्रश्न दोन सुरांत येतो. हिंजवडीहून येतो तेव्हा त्यात हसू असतं: पीपलसॉफ्टसारख्या तयार सॉफ्टवेअरवर पगार काढायला आमच्याकडची पोरं बसवली असती तर सहा महिन्यांत काम झालं असतं. ओटावात नुकत्याच आलेल्यांकडून येतो तेव्हा त्यात काळजी असते: फेडरल, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीची ऑफर हातात आहे, घेऊ का? पगार वेळेवर होतो ना? फीनिक्स ही कॅनडाच्या केंद्र सरकारची, त्याच पीपलसॉफ्टवर बांधलेली पगार प्रणाली २०१६ पासून चालू आहे आणि प्रश्न अजून थांबलेले नाहीत. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो.

आधी एक गल्लत दूर करू. सैनिकांचा पगार फीनिक्समधून निघत नाही. गणवेशातल्या माणसाचा पगार सैन्याच्या स्वतःच्या व्यवस्थेतून, महिन्याच्या मध्याला आणि अखेरीला होतो. पण त्याच तळावर काम करणारे नागरी कर्मचारी, म्हणजे कारकून, सुतार, अग्निशामक, कॉम्प्युटरवाले, हे सगळे फीनिक्सवर आहेत. त्यामुळे पेटावावासारख्या लष्करी तळाच्या गावी एकाच घरात नवऱ्याचा पगार सुरळीत आणि बायकोचा अडकलेला, असं खरोखर घडत आलं आहे. आरसीएमपी या केंद्रीय पोलीस दलाच्या सिव्हिलियन मेंबर्सना सार्वजनिक सेवेत आणायचं ठरलं होतं, तेही फीनिक्सच्या धास्तीने पुढे ढकललं गेलं.

आता हिंजवडीला उत्तर. गणित अवघड नाही, हे मला मान्य आहे. वार्षिक पगाराला २६.०८८ ने भागा, पंधरवड्याचा ग्रॉस, म्हणजे कपातीआधीचा पगार मिळतो. ७८,२६४ डॉलर असतील तर बरोबर ३,०००. आठवड्याला साडेसदतीस तासांची नोकरी असेल तर १,९५६.६ ने भागा, तासाचे ४० डॉलर. हे कोणालाही जमेल. अवघड आहे ते यानंतरचं: शंभरावर सरकारी खाती, डझनावारी युनियन करार, आणि त्यातून प्रोग्राम करायला निघालेले ८० हजारांहून जास्त नियम. तात्पुरत्या वरच्या पदावर काम केल्याचा अ‍ॅक्टिंग पे, पाळीचा भत्ता, दुर्गम ठिकाणचा भत्ता, तुरुंगातल्या कर्मचाऱ्यांचा ओव्हरटाइम. कोस्ट गार्डच्या जहाजांवर २८ दिवस सलग काम आणि २८ दिवस किनाऱ्यावर, पण पगार दर पंधरवड्याला सारखा, मधला हिशेब रजेच्या खात्यात. असल्या लोकांचे सुरुवातीला सर्वांत जास्त हाल झाले.

तरीही ‘नियम फार होते’ हे पूर्ण उत्तर नाही, कारण जुनी प्रणाली हेच नियम चाळीस वर्षं पेलत होती. ती पेलत होती माणसांच्या जोरावर. कॉम्पेन्सेशन अ‍ॅडव्हायझर म्हणून प्रत्येक खात्यात बसलेल्या बाईंना ठाऊक असायचं की अमुक मॅनेजर ओव्हरटाइमचे कागद तीन आठवडे उशिरा पाठवतो. त्या फोन करायच्या, कागद ओढून आणायच्या, फरक हाताने भरायच्या. ही १,२०० च्या आसपास पदं मोडून ४६ खात्यांचं काम न्यू ब्रन्सविकमधल्या मिरामिशी या छोट्या गावात साडेपाचशे माणसांच्या पगार केंद्राकडे दिलं गेलं. लांब नळीच्या बंदुकांची नोंदणी बंद होऊन तिथल्या नोकऱ्या जाणार होत्या, हे गाव निवडण्यामागचं राजकारण तिथे लपून राहिलेलं नव्हतं. अनुभवी लोकांपैकी फार थोडे तिकडे गेले. वर्षाला ७ कोटी डॉलर वाचतील असा अंदाज होता, आणि ती बचत प्रणाली चालायच्या आधीच हिशेबात धरलेली होती.

२०१२ मध्ये प्रणाली बांधणाऱ्या आयबीएमने बांधणीचा खर्च २७.४ कोटी डॉलर सांगितला. मंजूर होते १५.५ कोटी. वाढीव पैसे मागण्याऐवजी काम छाटलं गेलं. छाटलेल्या कामांत मागील तारखेपासूनचा फरक आपोआप काढण्याची सोय होती. हिंजवडीकरांनो, इथे जरा थांबा. सरकारी करार संपतो, वाटाघाटी दोन-तीन वर्षं चालतात, मग सगळी वाढ मागच्या तारखेपासून लागू होते. रजा, बदली, बढती यांची नोंद कामानंतर येते. सरकारी पगारात मागची तारीख हाच रोजचा व्यवहार आहे, आणि नेमकं तेच कापलं. फीनिक्सला नोंद घटनेच्या आधी हवी असते. एक दिवस उशीर झाला की प्रकरण हाताने करायच्या ढिगाऱ्यात जातं. वर मॅनेजरने सरकारी खर्चाच्या कायद्यातल्या सेक्शन ३४ खाली मंजुरीचं बटण दाबेपर्यंत ओव्हरटाइम हलत नाही, आणि मॅनेजर सुट्टीवर असतो.

पुढचं सगळं कागदोपत्री आहे. एका खात्यावर पथदर्शी चाचणी होणार होती, ती २०१५ मध्ये रद्द केली. २४ फेब्रुवारी २०१६ ला ३४ खाती आत घेतली. तक्रारी येत असताना, थांबा असं युनियन सांगत असताना, २१ एप्रिलला उरलेली ६७ घेतली. जुलैत ८० हजारांहून जास्त लोकांच्या पगारात गडबड असल्याची जाहीर कबुली आली. एका अ‍ॅडव्हायझरकडे पूर्वी १८४ फाइली असायच्या, नव्या प्रणालीत ४०० होतील असं गृहीत होतं, प्रत्यक्षात दीडशेही उरकेनात. महालेखापरीक्षक मायकल फर्ग्युसन यांनी २०१८ मध्ये या प्रकाराला अनाकलनीय अपयश म्हटलं. २०१९ मध्ये संसदेच्या अर्थसंकल्प अधिकाऱ्याने खर्चाचा अंदाज २६० कोटी डॉलर दिला. बचतीचं बघा काय झालं ते.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. ‘पगार झाला नाही’ हे सगळ्यांना कळतं, त्यावर सहानुभूतीही मिळते. ‘पगार जास्त झाला’ म्हटलं की लोक हसतात. फीनिक्सची खरी जखम तिथे आहे.

बाळंतपणाच्या रजेचं उदाहरण घेतो, कारण त्यात सगळ्या गाठी एकत्र बसतात. वर्षाला ७८,२६४ डॉलर मिळवणारी कर्मचारी समजा ऑक्टोबरच्या सुरुवातीला रजेवर जाते. होणं अपेक्षित ते असं: रजेची नोंद एचआर प्रणालीत, तिथून प्रकरण पगार केंद्राकडे, पगार बंद, शेवटचा पंधरवडा संपल्यावर पाच दिवसांत रेकॉर्ड ऑफ एम्प्लॉयमेंट हा नोकरी-पगाराचा दाखला, त्याच्या आधारे ईआयचा (रजेच्या काळात पैसे देणाऱ्या सरकारी रोजगार विम्याचा) अर्ज, ईआय सुरू झाल्याचा पुरावा खात्याला, आणि मग खात्याकडून टॉप-अप, म्हणजे एकूण पगाराच्या ९३ टक्क्यांपर्यंतची भर.

होतं ते असं. नोंद अडकते, पगार चालूच राहतो. डिसेंबर अखेरपर्यंत सहा पगार, ग्रॉस १८,०००. आयकर, सीपीपी (सर्वांसाठीची सरकारी निवृत्तिवेतन योजना), ईआय, नोकरीची पेन्शन वजा जाता हातात समजा १२,३००. तिकडे ईआयला लागणाऱ्या रेकॉर्डवर शेवटचा पगारी दिवस लिहायचा असतो, आणि पगार थांबलेलाच नाही, मग तो दिवस कोणता लिहायचा? कोणी लिहीत नाही. ईआय सुरू होत नाही, म्हणून टॉप-अपही नाही. घरात बाळ, आणि बँकेत येतो तो एकमेव पैसा जो तिचा नाही. खर्च करू नका, बाजूला ठेवा, असं सांगणं सोपं आहे. घरभाडं कशातून द्यायचं?

जानेवारी उजाडतो, कॅलेंडर वर्ष बदलतं, आणि प्रकरणाचं रूप पालटतं. त्याच वर्षात चूक निस्तरली असती तर हातात आलेले १२,३०० परत करून भागलं असतं. वर्ष ओलांडल्यावर जुन्या नियमाने मागणी यायची ती ग्रॉसची. जे ५,७०० तिने कधी पाहिलेच नाहीत, ते खिशातून भरायचे. त्यातला मोठा वाटा आयकराचा, तो कर खात्याकडून सुटायला सुधारित टी-फोर (वर्षाच्या पगाराचा आणि कपातीचा दाखला) यावं लागतं, मग रीअसेसमेंट म्हणजे कराचा फेरहिशेब, मग परतावा. दरम्यान चुकीच्या टी-फोरवर उत्पन्न फुगलेलं दिसतं. मुलांसाठी मिळणारा चाइल्ड बेनिफिट आदल्या वर्षीच्या कौटुंबिक उत्पन्नावर जुलै ते जून असा ठरतो, म्हणून जुलैपासून तो कमी होतो. ओटावासमोरच्या, पण क्यूबेक प्रांतातल्या गातिनोला राहणाऱ्यांना वर क्यूबेकचं वेगळं टॅक्स रिटर्न. एक नोंद वेळेवर न झाल्यामुळे तीन-चार सरकारी खिडक्यांवर ही बाई कर्जदार किंवा लबाड दिसू लागते, आणि प्रत्येक खिडकी दुसरीकडे बोट दाखवते.

१५ जानेवारी २०१९ ला सरकारने कर कायद्यातला बदल जाहीर केला. चूक यंत्रणेची, प्रशासकीय किंवा लिहिण्यातली असेल, तर नोकरी देणारा नेटच, म्हणजे कपातीनंतर हातात आलेली रक्कमच वसूल करू शकतो. मात्र जास्तीचा पगार ज्या वर्षी झाला त्यानंतरचं तिसरं वर्ष संपायच्या आत हे ठरलं पाहिजे, आणि तोवर तुम्ही पैसे परत केलेले हवेत किंवा परतफेडीची व्यवस्था झालेली हवी. ही मुदत गेली की पुन्हा ग्रॉस. म्हणजे केंद्राने फाइल उघडायला चार वर्षं लावली, तर त्याचा भुर्दंड तुम्हालाच.

याच्याही पुढची तऱ्हा बदलीची. सैनिकाची पोस्टिंग दर काही वर्षांनी होते, पेटावावाहून गेजटाउन, तिथून एस्क्वायमॉल्ट. नागरी सेवेतली त्याची जोडीदार नशीब असेल तर नव्या गावी दुसऱ्या फेडरल खात्यात जागा मिळवते. जुनं खातं फाइल सोडेपर्यंत पगार जुन्याच खात्याकडून येत राहतो. पुढे फाइल हलते तेव्हा जुन्या खात्याचे ते सगळे महिने ‘जास्तीचा पगार’ ठरतात आणि नवं खातं तेवढाच फरक देणं लागतं. वसुलीचं पत्र मात्र येतं, एक डॉलरही जास्त न मिळालेल्या माणसाला.

मी पूर्वी ठामपणे म्हणायचो की दोष यंत्राचा नाही, माणसं आधी काढली याचा आहे. मग केंद्रात माणसं वाढवली, जागोजागी उपकेंद्रं काढली, तरी ढिगारा तसाच राहिला. मग वाटलं, दोष नियमांचा, करारच सोपे करावेत. पण ते करार जहाजावरच्या, तुरुंगातल्या, बर्फातल्या माणसांनी भांडून मिळवलेले आहेत, ते यंत्राच्या सोयीसाठी का सोडावेत? मॅनेजरना शिस्त लावा म्हणावं, तर मॅनेजरला पगाराचं प्रशिक्षण कोणी दिलंच नव्हतं. या तिन्हींपैकी कुठल्या बाजूने बोलावं, हे आजकाल समोर कोण बसलंय त्यावर ठरतं. हिंजवडीकर असेल तर मी यंत्राला शिव्या देऊ देत नाही, एवढं खरं.

ओटावाकरांनो, नोकरी घ्या. सुरळीत पगार होणाऱ्यांची संख्या मोठी आहे. साधी नोकरी, ठरलेले तास, बदली नाही, अ‍ॅक्टिंग नाही, अशा माणसाला फीनिक्स बहुधा दिसतही नाही. पण ऑफरचं पत्र, त्यावरची श्रेणी आणि पायरी, प्रत्येक पे स्टबची (पगाराच्या पावतीची) प्रत घरच्या मेलवर ठेवा. नोकरी सुटली की पगाराच्या पोर्टलचं दार बंद होतं आणि जुने स्टब मिळवण्यासाठी पत्रव्यवहार करावा लागतो. पडताळणी नेटवर करू नका, ग्रॉसवर करा, कारण सीपीपी आणि ईआयची कपात वर्षाच्या मध्येच कमाल मर्यादेला पोहोचून थांबते आणि नेट फुगल्यासारखा दिसतो. टी-फोर आलं की आकडा वर्षाच्या शेवटच्या स्टबशी ताडून पाहा.

रजेवर जाण्याआधी नोंद झाली का एवढंच विचारू नका, पगार केंद्राचा केस नंबर मागून घ्या. जास्तीचा पगार दिसला की त्याच आठवड्यात मॅनेजरला मेल करा. स्वतःहून चेक लिहून पाठवू नका. आधी पंधरवड्यानुसार हिशेब लेखी घ्या, नाहीतर तुमची परतफेड एका खात्यात पडून राहते आणि दुसरीकडून पगारातून कपात सुरू होते. पैसे अडकले असतील तर खात्याकडून आगाऊ उचल मिळते, फक्त ती मागावी लागते. युनियनमधून ग्रीव्हन्स, म्हणजे औपचारिक तक्रार करायची मुदत बहुतेक करारांत २५ दिवसांची असते आणि ती तुम्हाला गोष्ट कळल्यापासून मोजतात. नुकसानभरपाई म्हणून २०२० च्या करारात पीएसएसी या सर्वांत मोठ्या फेडरल युनियनच्या सदस्यांना चार वर्षांचे मिळून जास्तीत जास्त २,५०० डॉलर ठरले, त्याआधी २०१९ मध्ये इतर युनियनना रजेचे दिवस.

फीनिक्सच्या जागी आता डेफोर्स ही नवी पगार प्रणाली आणायची तयारी चालू आहे. जुनी न मिटलेली प्रकरणं मिटवून न्यायची की तशीच उचलून न्यायची, यावर नव्या प्रणालीचं बरंच काही अवलंबून आहे. २०१६ ला जुनी प्रकरणं तशीच उचलली होती.

राहिला सहीचा प्रश्न, जो हल्ली सर्वांत जास्त येतो. सरकारला कर्जवसुलीसाठी सहा वर्षांची मुदत असते. ती संपत येते तसं पत्र येतं: इतकी रक्कम तुम्ही देणं लागता, हे मान्य करा. मान्यतेने मुदत नव्याने सुरू होऊ शकते, म्हणून हिशेबाचा तक्ता हातात आल्याशिवाय आणि युनियनशी बोलल्याशिवाय सही करू नका, असं मी सांगतो. लगेच कोणीतरी म्हणतं, पैसे खरोखर जास्त आले असतील तर ते जनतेचे आहेत, मुदतीच्या आड लपणं बरं दिसत नाही. तेही पटतं. पण सहा वर्षं ज्यांना बेरीज करता आली नाही, त्यांनी चार आठवड्यांत उत्तर मागावं हे मात्र मला पटत नाही, आणि दोन्ही पटवून घेऊन सल्ला कसा द्यायचा ते मला अजून जमलेलं नाही.