कंबर दुखत नाही का हो तुमची?

प्रेसमध्ये कोणी ना कोणी विचारतंच, इतकी वर्षं डीटीपी (कॉम्प्युटरवर छपाईची पानं लावायचं काम) करताय, कंबर दुखत नाही का? तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, दुखायची, चांगलीच दुखायची. दिवाळी अंकांच्या सीझनला सकाळी पानं लावायला बसले की चहासुद्धा लेक टेबलावर आणून द्यायची आणि मला त्याचं कौतुक! संध्याकाळी मात्र टेबल धरून, आधी अर्धं मग पूर्ण, असं उठायचं.

बरं, रोज सकाळी १२ सूर्यनमस्कार घालत होते हो, वाटायचं झाला व्यायाम, आता दिवसभर बसायला मोकळी. फिजिओथेरपिस्टने विचारलं, एका बैठकीत किती वेळ? म्हटलं, तीन तास. ती म्हणाली, नवी खुर्ची नंतर घ्या, आधी उठायला शिका. चालताना पोटऱ्या आवळतात, सैल होतात आणि पायातलं रक्त वर ढकलतात, बसलं की तो पंप थंड, आणि मांडीच्या सांध्यापुढचे स्नायू तसेच आखडून राहतात.

१९५३ साली जेरी मॉरिस या ब्रिटिश डॉक्टरांनी लंडनच्या बसवाल्यांचा अभ्यास छापला होता, त्यात दिवसभर बसणाऱ्या ड्रायव्हरांपेक्षा डबलडेकरचे जिने चढणाऱ्या कंडक्टरांना हृदयविकार कमी निघाला. (पुढे त्यांनीच युनिफॉर्मची मापं तपासली, तर ड्रायव्हरांच्या पँटी तरुणपणीही कंबरेत मोठ्या, म्हणजे सगळं खापर सीटवर नको.)

मोबाईलचा अलार्म लावून पाहिला, पण तो बंद करायला उठावं कुठे लागतं! मग टेबलावरची पाण्याची बाटलीच हलवली. आता फुलपात्रानं पाणी पिते, माठ स्वयंपाकघरात, दोन घोटात संपतं की परत फेरी, आणि इतकं पाणी प्यायलं की दुसरीही फेरी आपोआप होतेच. चहा उकळेपर्यंत ओट्याला धरून टाचा वर-खाली, येताना दाराच्या चौकटीला दोन्ही हात लावून छाती पुढे, एक पाय मागे ताणून थोडं थांबायचं, मग दुसरा. प्रुफं फ्रीजवर ठेवून उभ्यानं वाचते, घरचे हसतात, हसू देत. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर मात्र माझं ऐकू नका, डॉक्टर गाठा.

आणि सगळं जमतं असंही नाही, परवा एका अंकाची शेवटची आठ पानं होती, अडीच तास हलले नाही, काल सकाळी कंबरेनं हिशोब मागितला. थांबा, फुलपात्र रिकामं झालंय.